ग्रुप सोडायचा कसा, ग्रुपमध्ये विचारायचे कसे?

शेतीच्या एखाद्या ग्रुपवर ‘मला या ग्रुपमधून काढा’ असा संदेश पडला की पुढे काय होते, हे धाराशिव जिल्ह्यात व्हॉट्सॲप वापरणाऱ्या कुणालाही सांगायला नको. दोघे-तिघे ‘मलाही काढा’ म्हणतात, कुणी हात जोडल्याचे चित्र टाकते, ॲडमिन रानात असतो. सोयाबीनवरच्या गोगलगायींबद्दल कुणीतरी पहाटे विचारलेला खरा प्रश्न मात्र या गर्दीत वर सरकून दिसेनासा होतो.

वाचक याबाबत पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न साधारण चार प्रकारचे असतात. ग्रुप सोडला तर माणसे नाराज होतील का? अनसबस्क्राइब करूनही ईमेल का येतात? डीएनडी, म्हणजे जाहिराती नकोत अशी नोंद, केलेली असताना प्लॉट आणि कर्जाचे फोन कसे येतात? आणि ज्या ग्रुपमध्ये जाणकार आहेत असे ऐकले, तिथे विचारले तर कुणी उत्तर का देत नाही?

पहिल्या तीन प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. संदेश थांबवायचे बटण बहुतेक वेळा तुमच्याच फोनमध्ये असते. ग्रुपमधल्या पाचशे माणसांना विचारून ते सापडत नाही. चौथ्या प्रश्नाचे उत्तर थोडे वेगळे आहे. जाणकार गप्प बसतात, कारण विचारणाऱ्याने उत्तर देण्याजोगी माहितीच दिलेली नसते. या दोन्ही गोष्टी क्रमाने पाहू.

आधी ओळखा: संदेश कोणत्या वाटेने येतो?

वाट बदलली की उपाय बदलतो. त्यामुळे काहीही दाबण्याआधी एवढे तपासा:

- व्हॉट्सॲप ग्रुप: वर ग्रुपचे नाव आणि सदस्यांची यादी दिसते.
- व्हॉट्सॲप ब्रॉडकास्ट: संदेश एकट्या तुम्हाला आल्यासारखा दिसतो, पण तोच मजकूर शेकडो जणांना गेलेला असतो. खत-औषध दुकानदार, क्लासवाले, इच्छुक उमेदवार ही पद्धत वापरतात.
- ईमेल: यातही दोन प्रकार आहेत. कंपनीची जाहिरात ही एकतर्फी असते. चर्चा-यादीत सदस्य एकमेकांना लिहितात आणि प्रत्येकाचे पत्र सर्वांना जाते.
- एसएमएस: पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असते. ‘पी’ म्हणजे जाहिरात, ‘एस’ म्हणजे सेवेची माहिती, ‘टी’ म्हणजे व्यवहार, ‘जी’ म्हणजे सरकारी संदेश. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०२५ मध्ये ही खूण सक्तीची केली.
- फोन: १४० ने सुरू होणारा क्रमांक जाहिरातीसाठी, १६०० ने सुरू होणारा बँक-विम्यासारख्या सेवांसाठी राखलेला आहे. साध्या दहा आकडी मोबाइलवरून कुणी माल विकत असेल, तर तो नियम मोडतो आहे असे समजा.

व्हॉट्सॲप ग्रुप: बाहेर पडण्याच्या तीन पायऱ्या

प्रत्येक ग्रुप सोडायलाच हवा असे नाही. भावकीचा, गावच्या यात्रा कमिटीचा किंवा दहावीच्या बॅचचा ग्रुप सोडला तर पुढच्या लग्नात त्याची चर्चा होते. अशा ठिकाणी पहिल्या दोन पायऱ्या पुरतात.

१. म्यूट करा. ग्रुपच्या नावावर दाबून आठ तास, एक आठवडा किंवा कायमचे म्यूट करता येते. ॲडमिनसकट कुणालाही हे कळत नाही.

२. अर्काइव्ह करा. ग्रुप मुख्य यादीतून बाजूला जातो. नवीन संदेश आला तरी वर येत नाही. हवे तेव्हा तुम्ही उघडून बघू शकता.

३. एक्झिट करा. पूर्वी कुणी ग्रुप सोडला की सर्वांना सूचना जायची. २०२२ पासून ती फक्त ॲडमिनला जाते. मात्र ग्रुपच्या माहितीत, गेल्या ६० दिवसांत बाहेर पडलेल्यांची यादी सदस्यांना पाहता येते. म्हणजे गाजावाजा होत नाही, पण तुम्ही गेल्याचे लपूनही राहत नाही.

बाहेर पडल्यावर परत कुणी न विचारता आत ओढू नये, यासाठी एक सेटिंग आहे. सेटिंग्ज उघडा, प्रायव्हसीमध्ये जा, ग्रुप्स निवडा आणि ‘एव्हरीवन’च्या जागी ‘माय कॉन्टॅक्ट्स’ करा. ज्यांचा नंबर तुमच्या फोनमध्ये नाही, ते तुम्हाला थेट जोडू शकणार नाहीत. त्यांना आमंत्रण पाठवावे लागेल आणि ते स्वीकारायचे की नाही हे तुमच्या हाती राहील. ओळखीतलाच एखादा वारंवार जोडत असेल, तर ‘माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट’ निवडून फक्त त्याला वगळता येते. निवडणुकीच्या हंगामाआधी हे सेटिंग केलेले बरे.

दोन ठिकाणी लोक हमखास अडकतात:

- कम्युनिटी: तिच्यातला एखादा ग्रुप सोडला तरी घोषणांचा ग्रुप चालू राहतो. तोही नको असेल तर कम्युनिटीच सोडावी लागते.
- ब्रॉडकास्ट: इथे एक्झिटचे बटण नसते. पण पाठवणाऱ्याचा नंबर तुम्ही सेव्ह केलेला असेल तरच ब्रॉडकास्ट तुमच्यापर्यंत पोहोचतो. नंबर डिलीट केला की संदेश थांबतात. ब्लॉक करून वाईटपणा घ्यायची गरज नाही.

ईमेल: जाहिरात थांबवणे सोपे, चर्चा-यादी सोडणे थोडे किचकट

नोकरीची संकेतस्थळे, स्पर्धा परीक्षेचे क्लास, ऑनलाइन दुकाने यांचे ईमेल थांबवण्यासाठी जीमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी ‘अनसबस्क्राइब’ दिसते. ते तिथूनच दाबा. जीमेल खात्यांना दिवसाला ५,००० किंवा त्याहून जास्त ईमेल पाठवणाऱ्यांनी जाहिरातीच्या पत्रात एका दाबात बाहेर पडण्याची सोय दिली पाहिजे आणि विनंती दोन दिवसांत अमलात आणली पाहिजे, असा गूगलचा नियम २०२४ मध्ये लागू झाला. डाव्या बाजूच्या मेनूत ‘मॅनेज सबस्क्रिप्शन्स’ दिसत असेल, तर सगळ्या याद्या एकाच ठिकाणी बघून साफ करता येतील.

एक सावधगिरी बाळगा. पाठवणारा अनोळखी असेल, मजकूर संशयास्पद असेल, तर आतल्या ‘अनसबस्क्राइब’वर दाबू नका. तुमचा पत्ता चालू आहे हे दाबल्यामुळे त्याला कळते, आणि ती लिंक कुठे नेईल याचा भरवसा नसतो. अशा पत्राला ‘रिपोर्ट स्पॅम’ करा आणि पुढे जा. उलट, स्वतः नाव नोंदवलेल्या प्रामाणिक संस्थेच्या पत्राला कंटाळून स्पॅम ठरवू नका. तसे बऱ्याच जणांनी केले की त्या संस्थेची पत्रे इतरांच्याही स्पॅममध्ये जाऊ लागतात.

चर्चा-यादीचे प्रकरण वेगळे आहे. धाराशिवच्या तेरणा किंवा तुळजापूरच्या श्री तुळजाभवानी अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शिकणारी मुले लिनक्स, पायथॉन किंवा मराठी भाषांतराच्या कामासाठी अशा यादीत नाव नोंदवतात आणि आठवड्याभरात इनबॉक्स तुंबतो. मग ‘प्लीज अनसबस्क्राइब मी’ असे पत्र यादीवरच टाकले जाते आणि ते जगभरच्या सदस्यांना पोहोचते, पण नाव मात्र निघत नाही. त्याऐवजी हे करा:

१. यादीतून आलेल्या कोणत्याही पत्राच्या अगदी तळाशी जा. बाहेर पडण्याची लिंक बहुतेक तिथेच असते.

२. गूगल ग्रुप असेल तर ग्रुपच्या पानावर ‘लीव्ह ग्रुप’ दाबा.

३. मेलमन या प्रणालीवर चालणारी यादी असेल तर यादीच्या पानावर आपला ईमेल भरून अनसबस्क्राइब करा. त्यानंतर खात्री करण्यासाठी एक पत्र येते. त्यातली लिंक दाबल्याशिवाय नाव निघत नाही. बहुतेकांचे घोडे इथेच अडते. ते पत्र स्पॅममध्ये गेले आहे का, तेही पाहा.

४. तरीही नाव निघत नसेल तर तुम्ही कोणत्या पत्त्याने नोंदणी केली होती ते तपासा. कॉलेजच्या जुन्या ईमेलवर आलेली पत्रे जीमेलकडे वळवलेली असतील, तर जीमेलच्या पत्त्याने कितीही वेळा अनसबस्क्राइब केले तरी उपयोग नाही. पत्राच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर दाबून ‘शो ओरिजिनल’ उघडले की पत्र मुळात कोणत्या पत्त्यावर आले ते कळते.

५. सगळे करून झाले तर यादीच्या व्यवस्थापकाला, फक्त त्यालाच, दोन ओळी लिहा.

यादी उपयोगाची आहे पण पत्रे फार येतात, असे असेल तर ‘डायजेस्ट’ निवडा. अनेक पत्रे एकत्र बांधून एकाच पत्रात येतात. परीक्षेच्या काळात पत्रे तात्पुरती बंद ठेवण्याचीही सोय बहुतेक याद्यांत असते.

एसएमएस आणि फोन: १९०९ नीट वापरा

जाहिराती पूर्ण बंद करायच्या असतील तर १९०९ या क्रमांकावर फोन करा किंवा इंग्रजीत ‘फुली ब्लॉक’ असा एसएमएस पाठवा. ट्रायच्या डीएनडी ॲपमधूनही हे करता येते. सगळे बंद न करता बँक, शिक्षण, घर-जमीन, आरोग्य, पर्यटन असे विषय निवडून बंद ठेवायचीही सोय आहे. मुलांच्या बारावीनंतर क्लासवाल्यांच्या जाहिरातींनी हैराण झालेल्या पालकांनी निदान शिक्षणाचा विषय बंद करावा.

डीएनडी करूनही संदेश येण्याची कारणे साधारण तीन असतात:

- तुम्ही कधीतरी संमती दिलेली असते. दुकानात बिल करताना नंबर दिला, अर्ज भरताना खालच्या चौकोनात खूण राहिली. अशा कंपनीची संमती वेगळी मागे घ्यावी लागते. जाहिरातीच्या संदेशात बाहेर पडण्याचा मार्ग देणे आता बंधनकारक आहे. तो वापरून तुम्ही बाहेर पडलात, तर ९० दिवस ती कंपनी पुन्हा संमती मागू शकत नाही.
- संदेश जाहिरातीचा नसतो. व्यवहाराचे आणि सरकारी संदेश डीएनडीत येत नाहीत, आणि येऊही नयेत.
- पाठवणारा नोंदणीकृतच नसतो. दहा आकडी मोबाइलवरून येणारे प्लॉट, कर्ज, शेअर बाजाराच्या ‘टिप’चे फोन या प्रकारात मोडतात. यांच्याविरुद्ध तक्रार करायला डीएनडी केलेले असण्याचीही अट आता राहिलेली नाही.

तक्रार १९०९ वर किंवा डीएनडी ॲपवर करा. फोन किंवा संदेश आल्यापासून सात दिवसांच्या आत ती झाली पाहिजे. पाठवणाऱ्याचा क्रमांक किंवा नाव, तारीख आणि काय सांगितले याचा थोडक्यात मजकूर एवढे हाताशी ठेवा.

बाजारपेठेतला ओळखीचा दुकानदार मात्र या यंत्रणेचा विषय नाही. ‘दादा, माझा नंबर तेवढा यादीतून काढा, लागले तर मीच येतो,’ एवढे तोंडी सांगितले तरी काम होते.

हे मात्र बंद करू नका

कंटाळून सरसकट सगळे ब्लॉक करणे महागात पडते. पुढचे संदेश चालू ठेवा:

- बँकेचे पैसे जमा-नावे झाल्याचे संदेश. खात्यातून कुणी पैसे काढले तर पहिली बातमी त्यातूनच मिळते.
- शेवटी ‘जी’ असलेले सरकारी संदेश. पीएम किसान, महाडीबीटी, पीक विमा, ई-पीक पाहणी, अनुदानाची केवायसी यांच्या मुदती त्यात असतात.
- हवामान आणि पुराचे इशारे. सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा आणि भूम तालुक्यांत पूर आला, तेव्हा अडकलेल्या लोकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले होते. गावचा आपत्ती ग्रुप पावसाळ्यात म्यूट नको.

आणि सरकारी नाव लावून आलेली प्रत्येक गोष्ट सरकारी नसते. व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसान’ किंवा ‘ई-चलन’ अशा नावाची एपीके फाइल आली तर ती उघडू नका, पुढे पाठवू नका. ती फोनमध्ये बसली की एसएमएस आणि ओटीपी परस्पर वाचले जातात. कुठलेही सरकारी खाते व्हॉट्सॲप ग्रुपवरून एपीके वाटत नाही.

सोडताना काय बोलावे?

लग्नाच्या मांडवातून निघताना कुणी माइक हातात घेऊन ‘मी चाललो’ असे जाहीर करत नाही. यजमानाला भेटून, नमस्कार करून निघतो. ग्रुपचेही तेच.

- ग्रुपवर जाहीर निरोप देऊ नका. तुम्ही तिथे नियमित मदत करत असाल किंवा एखादी जबाबदारी घेतली असेल, तर ॲडमिनला वैयक्तिक कळवा: ‘दादा, सध्या कामामुळे ग्रुप बघणे होत नाही, म्हणून बाहेर पडतोय. काही अडले तर फोन करा.’
- ‘फालतू ग्रुप’, ‘सगळे फॉरवर्डच येतात’ असे जाताना बोलू नका. तक्रार खरी असेल तर राहून, ॲडमिनला एकट्याला सांगा.
- दुसऱ्याने ‘मला काढा’ लिहिले तर त्याखाली ‘मलाही’ लिहू नका. त्याला वैयक्तिक संदेशात बाहेर पडायची रीत सांगा. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनच्या आरोग्यसेवेत चुकून आठ लाखांहून अधिक कर्मचाऱ्यांना एक चाचणीचा ईमेल गेला. ‘मला यादीतून काढा’ म्हणून अनेकांनी सगळ्यांनाच उत्तर पाठवले, ती उत्तरेही लाखोंना गेली आणि ईमेल यंत्रणा काही तास रखडली.
- तुम्ही एकटेच ॲडमिन असाल तर आधी दुसरा ॲडमिन नेमा. तसे न करता गेलात तर व्हॉट्सॲप आपणहून कुणालातरी ॲडमिन करते. तो कोण असेल, हे तुमच्या हाती राहत नाही.

राहायचे ठरवले तर: पिकाचा प्रश्न कसा विचारावा?

तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्राचे आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे शास्त्रज्ञ, कृषी सहायक, अनुभवी शेतकरी अशी माणसे ज्या ग्रुपमध्ये असतात, तिथला त्यांचा वेळ फुकट असला तरी थोडा असतो. ‘सोयाबीन पिवळे पडले, काय मारू?’ या प्रश्नाला प्रामाणिक माणूस उत्तर देऊच शकत नाही. वरची कोवळी पाने पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता असू शकते. खालची जुनी पाने आधी पिवळी पडली तर नत्राकडे पाहावे लागते. पानांवर पिवळे-हिरवे चट्टे असतील तर पिवळा मोझॅक, आणि मग पांढरी माशी आहे का ते पाहायचे. पाणी साचल्यानेही पीक पिवळे पडते, तणनाशकाचा झटका बसल्यानेही. पाच कारणांना पाच वेगळे उपाय आहेत. म्हणून पहिल्याच संदेशात एवढे द्या:

- गाव किंवा तालुका, जमीन हलकी, मध्यम की भारी
- पीक, वाण आणि पेरणीची तारीख
- लक्षण कुठे आहे: कोवळ्या पानांवर की जुन्या, सगळ्या शेतात की ठिकठिकाणी
- किती दिवसांपासून, आणि गेल्या आठवड्यातला पाऊस
- याआधी काय फवारले, किती आणि कधी
- तीन फोटो: पानाची खालची बाजू जवळून, पूर्ण झाड, आणि शेताचा भाग. फोटो उन्हात, स्थिर हाताने काढा.

नमुन्यादाखल असा प्रश्न पाहा:

*‘नमस्कार. तालुका कळंब, मध्यम काळी जमीन. सोयाबीन एमएयूएस ६१२, पेरणी २२ जून. चार दिवसांपासून शेंड्याची पाने पिवळी, शिरा हिरव्या. जास्त करून सखल भागात. आठ दिवस सलग पाऊस होता. तणनाशक पंधरा दिवसांपूर्वी. फोटो जोडले आहेत. लोहाची कमतरता असेल का, की आधी पाण्याचा निचरा बघू?’*

अशा प्रश्नाला जाणकार दोन ओळींत उत्तर देऊ शकतो. शेवटी स्वतःचा अंदाज मांडला असल्याने तो बरोबर की चूक एवढेच त्याला सांगायचे उरते.

आणखी काही पथ्ये:

- आधी ग्रुपमध्ये शोधा. वरच्या शोधाच्या चौकोनात ‘गोगलगाय’ टाकले तर मागच्या हंगामातली उत्तरे सापडतील. २०२२ च्या खरिपात धाराशिव, लातूर, बीड भागात गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली होती. त्या वेळी झालेली चर्चा आजही कामाची आहे.
- तोच प्रश्न चार ग्रुपवर एकाच वेळी टाकू नका. टाकलाच तर उत्तर मिळाल्यावर बाकी ठिकाणी तसे कळवा.
- जाणकारांना न विचारता वैयक्तिक फोन करू नका. आधी ‘कधी फोन करू?’ असे विचारा.
- गुण आला की नाही, ते आठवड्याने त्याच ग्रुपवर सांगा. पुढच्या माणसाला सगळ्यात जास्त उपयोग याच संदेशाचा होतो.
- तातडीचे असेल तर ग्रुपवर थांबू नका. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक निःशुल्क आहे आणि मराठीत बोलता येते.

संगणकाच्या विद्यार्थ्यांसाठी

रीत तीच, तपशील वेगळे. प्रणालीची आवृत्ती सांगा, काय करून पाहिले ते सांगा. एररचा संदेश जसाच्या तसा मजकूर म्हणून चिकटवा. पडद्याचा मोबाइलने काढलेला तिरका फोटो देऊ नका. विषयाच्या ओळीत ‘अर्जंट हेल्प’ऐवजी अडचण लिहा. उत्तर देताना मागचे अख्खे पत्र खाली ओढत नेऊ नका. ज्या ओळीला उत्तर आहे तेवढीच ठेवा. नवा विषय असेल तर नवे पत्र सुरू करा. ईमेलवरच्या शिष्टाचाराचे एक टिपण इंटरनेटच्या अभियंत्यांनी १९९५ मध्येच प्रसिद्ध केले होते आणि त्यातली बरीच पथ्ये आजही लागू पडतात.

मराठी विकिपीडियावर काम करणार असाल तर तिथल्या ‘चावडी’वर किंवा चर्चा पानावर लिहिताना शेवटी चार टिल्डे टाकून सही करा. दुसऱ्याचा मजकूर काढण्याआधी चर्चा पानावर कारण लिहा.

आणि प्रमाणपत्रासाठी किंवा बक्षिसासाठी दुसऱ्याच्या प्रकल्पात निरर्थक भर घालू नका. ऑक्टोबर २०२० मध्ये हॅक्टोबरफेस्ट या मुक्त सॉफ्टवेअरच्या उपक्रमात टी-शर्ट मिळावा म्हणून एकेक शब्द बदललेल्या विनंत्यांचा (पुल रिक्वेस्ट) पूर आला. त्यात भारतातल्या नवख्यांचाही भरणा होता. प्रकल्प सांभाळणारे वैतागले, आणि आयोजकांना नियम बदलून, सहभागी व्हायला स्वतः तयार असलेल्या प्रकल्पांपुरतीच स्पर्धा ठेवावी लागली. नोकरी देणारेही उद्या तुमचे हेच जुने काम उघडून बघतात.

उत्तर देणाऱ्यांनी आणि ॲडमिननी

- माहीत नसेल तर गप्प राहणे हेच उत्तम उत्तर. औषधाचे नाव सांगताना त्या पिकासाठी लेबलवर शिफारस आहे का ते पाहा, मात्रा लेबलप्रमाणेच सांगा. दोन-तीन औषधे मिसळायचा सल्ला ग्रुपवरून देऊ नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, हे विसरू नका.
- ‘एवढेही माहीत नाही?’ असे विचारू नका. नवख्याला जुन्या उत्तराचा दुवा द्या.
- दुकानाशी संबंध असेल तर उत्तरात तसे स्पष्ट सांगा.
- ॲडमिनने ग्रुपच्या माहितीत चार ओळींचे नियम लिहावेत: विषय कोणता, वाढदिवस आणि राजकारण चालेल का, जाहिरातीचा वार कोणता, बाहेर कसे पडावे. पावसाच्या इशाऱ्यांसाठी फक्त ॲडमिन लिहू शकतील असा वेगळा ग्रुप ठेवावा.
- विचारल्याशिवाय कुणालाही जोडू नये. सदस्याचा नंबर ग्रुपमधल्या सगळ्यांना दिसतो. महिलांच्या बाबतीत तर हे आवर्जून पाळावे.
- कुणी बाहेर पडले तर परत जोडू नये, कारणही विचारू नये.
- सदस्याने आक्षेपार्ह मजकूर टाकला तर केवळ ॲडमिन असल्यामुळे गुन्हा लागत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिला. त्यासाठी ॲडमिनचा त्यात सामाईक हेतू असावा लागतो. तरी असा मजकूर दिसताच काढणे शहाणपणाचे.

तुमचे हक्क

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. कंपन्यांवरची मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढे:

- तुमचा नंबर किंवा ईमेल कशासाठी घेतला जातो, हे सांगून संमती घ्यावी लागेल. ही सूचना मराठीत वाचण्याची सोय मागता येईल.
- दिलेली संमती केव्हाही मागे घेता येईल, आणि ती मागे घेणे हे देण्याइतकेच सोपे असले पाहिजे.
- काम संपल्यावर माहिती पुसून टाका, असे सांगता येईल.

घरगुती किंवा खासगी कारणासाठी कुणी तुमचा नंबर ठेवला असेल तर हा कायदा लागू होत नाही. म्हणजे मावसभावाच्या ग्रुपसाठी कायदा नाही. तिथे वर सांगितलेले सेटिंगच वापरा.

एवढे करूनही थांबत नसेल तर

१. पुरावा ठेवा: पडद्याचा फोटो, क्रमांक, तारीख, तुम्ही अनसबस्क्राइब केल्याचा दिवस.

२. जाहिरातीचा फोन किंवा एसएमएस असेल तर सात दिवसांत १९०९ वर तक्रार करा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

३. फसवणुकीचा संशय असेल, पण पैसे गेलेले नसतील, तर संचार साथी पोर्टलवरच्या ‘चक्षू’ सुविधेत नोंद करा.

४. पैसे गेले असतील तर एक मिनिटही न दवडता १९३० वर फोन करा, मग बँकेला कळवा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवा. जिल्ह्यांच्या यादीत धाराशिव सापडले नाही तर उस्मानाबाद हे जुने नाव पाहा.

५. धमकी, अश्लील मजकूर किंवा पाठलाग असेल तर तो मजकूर डिलीट करू नका. फोन घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात जा.

आज सुरुवात करायची असेल तर दोन कामे करा. व्हॉट्सॲपचे ग्रुप्सचे सेटिंग बदला, आणि महिनाभरात एकदाही न उघडलेले ग्रुप म्यूट किंवा एक्झिट करा. जे उरतील त्यातल्या एखाद्या ग्रुपवर एखादा अनुत्तरित प्रश्न पडलेला असेल आणि त्याचे उत्तर तुम्हाला ठाऊक असेल, तर ते लिहून टाका.